उजव्या कानातली गिटार

राजूरच्या पंजाबरावांना टेप-रेडिओ दुरुस्तीत चाळीस वर्षं झाली. आता त्याच दुकानात ते चार्जर आणि मोबाइलची कव्हरं विकतात, विकता विकता कंटाळतात, आणि दुपारी हेडफोन लावून एकच कॅसेट ऐकतात.

कॅसेट खाणीतल्या एका साहेबांची, विदेशी रॉकची. साहेब टेप दुरुस्तीला देऊन गेले तेव्हा ती आतच राहिली. पंजाबरावांनी लावून पाहिली तर सूर डुगडुगतोय, गाणारा विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा, आणि मध्येच गिटार उलटी वाजतेय! त्यांनी बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं, मोटारही नवी टाकली. आठ दिवस डोकं खाजवलं. साहेब आले आणि पोट धरून हसले. "अहो, ते गाणंच तसं आहे!" बदली झाली तेव्हा कॅसेट इथंच देऊन गेले.

पण बिघाड शोधता शोधता पंजाबराव त्या बिघाडाच्याच प्रेमात पडले होते. त्यातली एक गिटार डाव्या कानातून निघते, डोक्याला वळसा घालून उजव्या कानात उतरते. "दिवसभराचा शीण तिच्यासंगं निंगून जाते," असं ते दुकानात गप्पांना येणाऱ्या मला सांगत. मला त्यात डोकेदुखीच ऐकू यायची, पण तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या महिन्यात गिटार अर्ध्या वाटेतच गायब व्हायला लागली. पंजाबरावांनी पुन्हा टेप उघडला, वायर बदलली, हेडफोनची पिन लावायची जागा नव्यानं सोल्डर केली.

"कायले जीव काढता त्याच्यात? फेका ना आता," जेवण घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या.

शेवटी पंजाबरावांनी कारागिराची साधी परीक्षा केली. हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडे. बिघाड टेपात किंवा हेडफोनात असता, तर त्यानंही बाजू बदलली असती. तो उजवीकडेच, त्यांच्या कानातच राहिला.

मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी हेडफोन सरळ करून विमलताईंच्या डोक्यावर चढवला आणि कॅसेट मागे घेतली.

"गिटार कुठं हाये, बोटानं दाखव."

विमलताई सकाळपासून राबून थकल्या होत्या. तरी डोळे मिटून त्यांनी बोट डाव्या कानापाशी धरलं, कपाळावरून हळूहळू फिरवलं आणि उजव्या कानाशी आणून थांबवलं.

"आता इथं हाये जी."

"मंग टेप चांगला हाये," पंजाबराव त्या बोटावर नजर ठेवून म्हणाले. "बोट खाली नको आणू. गाणं बाकी हाये."