फोनले चोराची नाही, माहीच भीती

पोट्टेहो, आज ताईनं माहा नवा फोन वाचवला.

गोल बाजारात त्याचा विमा काढाले गेलो होतो. मी म्हणलं, चोरीवाला द्या. ताई दुकानदाराले म्हणे, "भैया, इसके फोन को चोर से नहीं, इसी से खतरा है. गिरने और पानी वाला दिखाओ."

"है ना दीदी. पर जानबूझकर डुबाया तो कुछ नहीं मिलेगा."

ताई माह्या खिशाकडं पाहून राहिली होती. खिशात दोरी होती. संध्याकाळी बूढा तालाबाच्या पाण्यात फोन दोरीनं सोडून, हातातून पडला म्हणून तुमाले घाबरवाचं होतं.

मी गुमान पडायचा-पाण्याचा विमा घेतला अन् दोरी ताईच्या हाती देल्ली.

थँक्यू ताई. तुमच्या घरी तुमाले इतकं वळखणारं कोन हाय बे?