रोजचं ग्रहण

विरारजवळच्या चांदीपच्या आशालताबाईंना माणसांची कीव क्वचित येई. चीड मात्र रोज येई, आणि ती लपवण्याचे कष्ट त्या घेत नसत. पंधरा वर्षं बालवाडीत मदतनीस म्हणून दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसल्यावर मुंबईच्या एका संस्थेनं त्यांना तीन महिन्यांचं शिक्षण दिलं आणि विरार पूर्वेला घरोघर जाऊन अपंग मुलांकडून व्यायाम करून घ्यायला लावलं. आखडलेला पाय कसा सोडवायचा, मान न धरणाऱ्या पोराला कुशीवर कसं निजवायचं, हे त्या इतकं पटकन शिकल्या की महिन्यातून एकदा तपासायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट सुझान मॅडम म्हणाल्या, "बाई, तुमचे हात फार चांगले आहेत. तोंडाचं मात्र काहीतरी करा."

तोंडाचं काही होण्यासारखं नव्हतं. नव्या घरात शिरून पोराचे पाय दाबून पाहिले, की आईला त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "इतकी वर्षं काय झोपा काढल्या?" आई रडू लागे, बाप टीव्हीकडे बघू लागे. मग कुणी टॉनिकच्या बाटल्या दाखवी, कुणी अंगारा, कुणी सांगे की आमच्यात मुलगे उशिराच चालतात. आशालताबाई ओठ मुडपून सगळं ऐकून घेत आणि मनात त्या घराला शून्य मार्क देत.

संस्थेच्या बायकांनाही त्या शून्यच देत. या बायका बालदिनाला गाडीतून यायच्या आणि ज्या पोराची मूठ उघडत नाही नेमक्या त्याच्या हातात फुगा कोंबून फोटो काढायच्या. मुंबईचं ऑफिस तर उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत होतं. अकरा महिन्यांपूर्वी आशालताबाईंनी एका मुलीसाठी उभं राहायचा लाकडी स्टँड मागितला होता. मागवल्याचं पत्र दोनदा आलं. स्टँड काही आला नाही.

ती मुलगी म्हणजे ज्ञानदा. सहा वर्षांची, बोलणं अडखळत, पण समज अशी की आशालताबाईंची नक्कल करून आईला हसवी. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, मुठी घट्ट मिटलेल्या. घरची माणसं बार्शीकडची. बाप विलास सातिवलीच्या प्लास्टिक कारखान्यात कामाला, आई घरी, आणि आजी धोंडूबाई. सुझान मॅडमनी बजावलं होतं की मुलीला रोज अर्धा तास सरळ उभी करा, नाहीतर दोन वर्षांत पाय असे आखडतील की बसताही येणार नाही. स्टँड नव्हता, म्हणून आई पुढून गुडघे दाबून धरी आणि आशालताबाई मागून काखेत हात घालून उभ्या राहत. ज्ञानदा मान टाकून किंचाळे. पाच मिनिटांत तिघीही घामाघूम होत.

धोंडूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत आणि पुटपुटत. त्यांनी नातीच्या कमरेला काळा दोरा बांधला, तो आशालताबाईंनी पिशवीतली कात्री काढून सगळ्यांदेखत कापला.

"पुन्हा असलं काय दिसलं तर मी या घराची पायरी चढनार नाय," त्या म्हणाल्या. "मग बसा पोरीला देवासमोर ठेवून."

त्या शब्दाला जागत, हे सगळ्या भागाला माहीत होतं. याआधी दोन घरं त्यांनी अशीच सोडली होती.

नव्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये मोठं सूर्यग्रहण आलं. एसटी रिकामी, दुकानं अर्धी बंद, बायका पाण्यात तुळशीची पानं टाकून घरात बसलेल्या. आशालताबाईंनी मुद्दाम गाडीत बसून दोन केळी खाल्ली. कंडक्टरनं पाहिलं तसं त्याला म्हणाल्या, "काय झालं? सूर्य काय माझ्या घशात अडकनार हाय?"

साडेपाचला त्या ज्ञानदाच्या घरी पोचल्या तर दार उघडं आणि आई खाटेवर तोंड झाकून बसलेली.

"सासूबाई घेऊन गेल्या तिला," ती म्हणाली. "मागे, बिल्डरच्या रेतीत. ग्रहणात कमरेपर्यंत पुरलं की पाय येतात म्हणे. मी नको म्हणत होते हो बाई!"

आशालताबाई जिना उतरल्या त्या रागानं आंधळ्या होऊन. बिल्डिंगच्या मागे नवं काम चाललं होतं, खाडीच्या रेतीचा मोठा ढीग प्लास्टिकखाली होता. एक कोपरा उचकटून धोंडूबाईंनी खड्डा केला होता आणि त्यात ज्ञानदा कमरेच्या वरपर्यंत गाडलेली होती. ढग इतके दाटले होते की ग्रहण लागलंय हे कुणी सांगितलं म्हणूनच कळावं.

"पोरीला जिती पुरता? लाज नाय वाटत? अडान्यांनो! शिकलेल्या मान्साच्या घरात हे धंदे? काढा आधी तिला!"

धोंडूबाई हलल्या नाहीत. आशालताबाईंनी स्वतःच वाकून मुलीच्या काखेत हात घातले, आणि तिथेच थांबल्या.

ज्ञानदा रडत नव्हती. मान वर होती. दोन्ही मुठी उघड्या होत्या आणि ती स्टीलच्या वाटीनं ओली रेती थापून मुदी पाडत होती. पाच झाल्या होत्या, सहावीची तयारी चालली होती. "बाई, ल-लाडू," ती म्हणाली, आणि एक लाडू पुढे केला.

आशालताबाईंनी गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात रेतीत खुपसला. मुलीचे गुडघे सरळ होते. टाचा खाली टेकलेल्या. दोन मांड्यांच्या मधे जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी होती, त्या स्वतः शिक्षणात करायला शिकल्या होत्या तशीच, किंबहुना थोडी जास्त नीट.

"ही गुंडाळी कोनी सांगितली?"

"कोन सांगनार? पाय एकमेकांत अडकत्यात, मग मधी काय तर घालाया नको का?" म्हातारी म्हणाली. "मागनं बी रेती दाबावी लागती. न्हाईतर लेकरू कलंडतं."

अकरा महिने ज्या लाकडी स्टँडची वाट पाहिली, तो बिल्डरच्या रेतीत बिनपैशाचा उभा होता. आणि नाकानं कांदे सोलणाऱ्या आशालताबाई शेजारून रोज चालत गेल्या होत्या. चडफड झाली ती पहिल्यांदा स्वतःवरच झाली. घड्याळ लावून अर्धा तास झाल्यावर त्यांनी मुलीला बाहेर काढलं, पाय धुतले, कातडी तपासली. पाय एरवीपेक्षा मऊ पडले होते.

"उद्या परत," त्या म्हणाल्या.

"उद्या कुठलं गिराण?"

आता या बाईला काय समजावायचं, असं आशालताबाईंच्या मनात आलं. असल्यांना असलंच सांगावं. "हाय. या पोरीला रोज ग्रहन हाय. सकाळी धा वाजता, अर्धा तास. चुकवायचं नाय."

धोंडूबाईंनी मान डोलावली आणि एक दिवस चुकवला नाही. बिल्डरची रेती भिंतीत गेली तेव्हा विलासनं कारखान्यातलं एक निळं पिंप धुऊन, अर्धं कापून आणलं. रेती चाळून भरली आणि ते जिन्याखाली ठेवलं. दिवाळीनंतर आशालताबाईंनी चांदीपला दोन मुलांच्या अंगणात खड्डे खणले, आणि तिथल्या आयांना शिकवायला धोंडूबाईंना एसटीत घालून नेलं. वाटेत त्यांना सतरा वेळा बोलल्या, पण नेलं.

वरातीमागून घोडं यावं तसा स्टँड पुढच्या पावसाळ्यानंतर आला. माप दोन वर्षांपूर्वीचं. पट्टा ज्ञानदाच्या छातीला लागायचा तो पोटाला लागत होता. संस्थेच्या बायकांनी तरीही तिला त्यात उभी करून फोटो काढला. सुझान मॅडम मात्र स्टँडकडे न बघता पिंपाजवळ बसल्या. फोटोनंतर परत पिंपात आलेली ज्ञानदा काठाला धरून, गुडघ्यापर्यंतच्या रेतीत, एकटी उभी होती. एका हातात खडू होता.

सगळे गेल्यावर धोंडूबाई जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या.

"बाई, एक विचारू? मी म्हातारी हाय, येडी न्हाई. रोज गिराण नसतंय, मला ठावं हाय. हे गिराणानं झालं न्हाई. रोज उभं केल्यानं झालं. व्हय ना?"

आशालताबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"माझा थोरला रामनाथ. विलासच्या आधीचा. असाच व्हता. पायांची कात्री, मुठी मिटल्याल्या. त्याला तीन गिराणं मिळाली. नऊ वर्षांचा हून गेला." म्हातारीनं पदरानं पिंपाचा काठ पुसला. "रोज पुरलं असतं तर तो बी उभा राहिला असता का?"

ज्या सवालानं आशालताबाईंनी शेकडो आयांना रडवलं होतं, तो आज एक आई स्वतःलाच विचारत होती. उत्तर त्यांना माहीत होतं. कात्री, मुठी, सगळं तेच. आजवर असं उत्तर त्यांनी कुणाच्या तोंडावर मारायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"नाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या रामनाथचं दुखनं येगळं होतं. त्याला रोज उभा करून पन काय झालं नसतं."

"तू बघितलं व्हतंस का त्याला?"

"नाय. पन कळतं मला."

धोंडूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग, "बरं," म्हणाल्या, आणि ज्ञानदाच्या गुडघ्यामागची रेती पुन्हा नीट दाबायला लागल्या. आशालताबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि दुसऱ्या बाजूनं दाबायला लागल्या.