स्लॅबचा नारळ

मोतीराम सुरगाण्याच्या डोंगरातून नाशकात आला तेव्हा डोक्यावर विटा वाहत होता. एकोणीस वर्षांत तो खंडेरावशेठच्या बांधकाम कंपनीत सुपरवायझर झाला. नकाशा वाचायचा, सळई कुठे चुकली ते लांबून सांगायचा. शेठसमोर मात्र जीभ टाळूला चिकटायची. लोक त्याला नम्रपणा म्हणत. शेठला तीच सोय होती.

कंपनीत एक रीत होती. स्लॅब टाकण्याआधीचा नारळ साइट-इनचार्जने फोडायचा. ज्याचा नारळ त्याची साइट. पाथर्डी फाट्याचा जुना इनचार्ज सोडून गेला तेव्हा शेठ म्हणाला होता, "पुढच्या स्लॅबचा नारळ तुझा, मोत्या."

बस्स, एवढ्यावर मोतीरामने गावाहून बायकोला बोलावून घेतलं. सविता नवी साडी नेसून आली आणि बिगारी बायकांच्या घोळक्यात उभी राहिली.

शेठ आला तो मेव्हण्याच्या मुलाला घेऊन. शेखर. पायात पांढरे बूट.

"हे आपले नवे इनचार्ज. मोत्या, नारळ दे साहेबांना. आणि काम शिकव हां त्यांना सगळं."

साहेबांनी नारळ आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तो घरंगळत वाळूत गेला.

"साहेब, नारळ हाय तो, मोबाइल नाय. पडू द्या की जोरात!" एक गवंडी म्हणाला. खसखस पिकली.

शेठने मोतीरामला मिक्सरमागे ओढलं. "अपशकुन नको. दुसरा घे, आधी तडा देऊन आण. कुणाला दिसता कामा नये."

आणि त्याने दिला की! सळईच्या तुकड्याने, शेंडीखाली, पाण्याचा थेंब गळणार नाही इतक्या बेताने. हातात एवढं कसब, आणि ते असं खर्ची घातलं.

साहेबांच्या एका फटक्यात दोन भकलं. टाळ्या.

"बघा, हाताला यश आहे पोराच्या!" शेठ म्हणाला. मग त्याची नजर सवितावर गेली. "ए बाई, नटून काय उभी? वाट ते खोबरं. मोत्या, कोण रे ही?"

सविता नवऱ्याकडे बघत राहिली. बायको म्हणावं, तर ती का आली तेही सांगावं लागलं असतं.

"बिगारी असंल, शेठ. नवीन," मोतीराम म्हणाला.

सविताने वाकून भकलं उचलली, तुकडे केले, सगळ्यांना वाटले. शेवटी मोतीरामपाशी आली.

"घ्या, सुपरवायझर," ती म्हणाली. "तुमाला बी प्रसाद."

त्याने दोन्ही हातांनी घेतला, खाल्ला, आणि काँक्रीट कुठल्या बाजूने ओतायला घ्यायचं ते शेखरसाहेबांना दाखवायला गेला.