लहू शुद्धीत होता

घाट उतरून गाडी कर्जतला थांबली तेव्हा माझ्या पिशवीत छापील पत्रिकांचा एक जाडजूड गठ्ठा होता, आणि आपण चांगले काम केले आहे याबद्दल मला कसलीही शंका नव्हती. नगरहून निघताना आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना केली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पत्रिका वाचलेली आहे. ‘राखेतून उठलेली बाई’. कर्जतच्या डोंगराकडच्या वाडीतल्या चांगुणाबाईंची साक्ष, म्हणजे देवाने त्यांना कसे सावरले याची हकिगत. ती मी लिहिली. ज्यांनी ती वाचली आणि मला शाबासकी दिली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे वडील छापखान्यात कामाला होते आणि रविवारी मंडळीसाठी पत्रिका लिहीत. मी अक्षरे शिकले ती त्यांच्या उरलेल्या कागदांवर. दारू, हुंडा, जात, या तिन्हींवर आमच्या घरात इतके लिहिले जायचे की शाळेत गाईवर निबंध लिहा म्हटले तरी माझ्या निबंधात दारूडा यायचा. लोक हसत. मला त्याचा अभिमान वाटे.

कर्जतला वडापाव खाल्ला आणि कशेळ्याच्या जीपमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, पुढं बसा. मागं कोंबड्या हायेत.” जीप भरेपर्यंत मी त्याला एक पत्रिका दिली. त्याने ती स्टिअरिंगवर ठेवून पहिल्या दोन ओळी वाचल्या.

“दारूचं हाय का? मंग मागच्यांना द्या. मी सोडली.”

“कधी सोडलीत?”

“काल.”

मागचे सगळे हसले. त्याने पत्रिका आरशामागे खोचली. कर्जत मागे पडले तशी शेते लागली. भात निघून गेले होते आणि त्याच ओलीवर पेरलेला वाल फुलला होता. मधूनमधून नव्या फार्महाऊसांच्या उंच भिंती. प्रत्येक भिंतीआड कुठे ना कुठे बांबूची परांची (बांधकामावर उभे राहण्यासाठी बांधलेला मचाण) दिसत होती. चांगुणाबाईंचा नवरा लहू अशाच एका परांचीवरून पडून गेला, हे मला माहीत होते. त्यामुळे मी त्या परांच्यांकडे जरा जाणकारासारखी बघत होते.

कशेळ्याच्या बाजारात रूथताईंचे शिवणकामाचे दुकान आहे. वाडीतली उपासना त्याच घेतात. चांगुणाबाईंची हकिगत त्यांनीच मला फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली होती. दोन गठ्ठे मी आधीच टपालाने शिळफाट्याला आणि मोहोपाड्याला पाठवले होते. हा तिसरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वरची पत्रिका कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली.

“चष्मा घरी राहिला गं. आता तिथंच ऐकू. तुझ्या वडिलांचं लिहिणं वाचूनच मी प्रभूकडे आले, तुझं काय तपासायचं?”

हे वाक्य तेव्हा मला गोड लागले.

वाडीचे नाव मी इथे लिहीत नाही. पत्रिकेत लिहिले होते, तेवढे पुरे झाले. रस्ता संपतो तिथून पुढे अर्धा तास चढ आहे. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रूथताईंनी पदराची पिन काढून तो जोडून दिला. वर मोहाची झाडे, त्यांच्या सावलीत कुडाची, शेणाने सारवलेली घरे. चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या असतील. बारीक, ताठ. त्यांनी माझ्या चपलेकडे आधी बघितले.

“आली का लिवणारी? पिन लावून चढली. बस गं, पानी पी.”

पडवीत दहाबारा बाया आणि तीनचार पुरुष जमले होते. रविवारची उपासना इथे दुपारी असते, कारण सकाळ पाणी आणि लाकडे आणण्यात जाते. उंबऱ्याबाहेर एक म्हातारा विडी न पेटवताच तोंडात धरून बसला होता. लहूचे चुलते, गोमाबाबा. ते ख्रिस्ती नाहीत. “मी देवळातला बी नाय आन तुमच्यातला बी नाय,” ते मला म्हणाले, “मी दारातला.”

या वाडीची एक रीत रूथताईंनी मला वाटेत सांगितली होती. इथे कुणी उभे राहून साक्ष दिली, की ज्याने ती गोष्ट डोळ्यांनी बघितली आहे त्याने म्हणायचे, “मी बघितलंय.” कुणीच म्हणाले नाही तर साक्ष देणारा मुकाट्याने खाली बसतो. चांगुणाबाई दर वेळी लहूच्या मरणाबद्दल बोलतात आणि दर वेळी दारातून गोमाबाबा म्हणतात, “मी बघितलंय.” मी वहीत टिपून घेतले: सुंदर रीत, पुढच्या पत्रिकेत वापरावी.

गीत झाले, प्रार्थना झाली. चांगुणाबाई म्हणाल्या, “वाच गं आता. माज्या लहूचं नाव कागदावर कसं वाजतं ते ऐकू दे.”

मी उभी राहिले. मला वाचता चांगले येते. सुरुवातीला डोंगराचे वर्णन होते, ते ऐकून बाया खूश झाल्या. मग मी वाचले, “लहू रोज दारू पीत असे. त्या दिवशीही तो झिंगलेला होता. दारूनेच त्याला परांचीवरून खाली ओढले.” पुढची ओळ वाचायला श्वास घेतला आणि लक्षात आले की कुणीच हलत नाही. मी दाराकडे बघितले. मला वाटले, गोमाबाबा आता म्हणतील.

गोमाबाबांनी तोंडातली विडी काढली. “ही कुणाची गोस्ट हाय?”

चांगुणाबाई उठून आत गेल्या.

रूथताईंचा चेहरा उतरला होता. “मी तुला म्हणाले होते, लोक म्हणायचे की तो प्यायला होता. लोक म्हणायचे, गं.”

मला ते वाक्य आठवत होते. शब्द न् शब्द आठवत होता. लिहायला बसले तेव्हा ‘लोक म्हणायचे’ हे दोन शब्द मला अडचणीचे वाटले. साक्षी कशा लिहायच्या हे मला ठाऊक होते. आधी अंधार लागतो, आणि माझ्याकडे अंधारासाठी एकच वस्तू होती, दारू. माझा दारूवरचा राग खरा होता. त्या रागामुळे मला विचारावेसे वाटले नाही. एक फोन करायचा होता, तो मी केला नाही.

“ऐक,” गोमाबाबा म्हणाले. “मी त्याच्या खालच्या फळीवर होतो. लहू दारूला शिवला नाय कधी. बांबू सडका होता. दोन दिस आधी त्यानंच मुकादमाला दावला होता. तो पडला, आन मुकादमानं गाडीत घालायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, प्यायलाय. झालं. कर्जतपातूर गेलं ते.”

मी माफी मागायला लागले. माझी वाक्ये लांब लांब व्हायला लागली. दैवी क्षमा, माझी अपात्रता, असे काहीतरी.

“आता बी लिवतीयाच ही,” गोमाबाबा म्हणाले.

मी वाक्य अर्धे सोडून वही पिशवीत टाकली.

थोड्या वेळाने चांगुणाबाई बाहेर आल्या. हातात थाळी होती. नाचणीची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांचे कालवण). “जेव,” एवढेच म्हणाल्या. मी जेवले. त्या बिरड्याची चव मला सांगता येणार नाही. मान वर करता येत नव्हती.

त्या माझ्यासमोर बसल्या आणि बोलल्या. “लहू गेल्यावर मी दोन वर्सं केस इंचरले नायत. मरण सोसलं आसतं. पर बाजारात गेलं की बाया बोलायच्या, हिचा तो दारूडा. ही रूथताई यायची. काय बोलायची नाय. काजं करायला झंपर द्यायची आन बाजूला बसून राहायची. एक दिस म्हणली, चांगुणा, येशूवर बी खोटा आळ घेतला होता, आन कुजबुजत नाय, चारचौघात. मंग मी उठून बसले. म्हणलं, याला कळंल. याला माजं कळंल.”



“तेव्हापास्नं,” त्या पुढे म्हणाल्या, “आसपास कुणी कामावर पडलं की मी जाते. रडणाऱ्यापाशी बसते, आन बघणाऱ्यांना इचारून ठेवते, काय झालं, कसं झालं. मागनं कुणी काय बी बोलू नये म्हणून. देवानं मला हेच काम दिलंय. आन तू काय केलंस? मुकादमानं तोंडानं सांगितलं होतं. तू छापलंस. आन खाली त्याचं नाव घातलंस, ज्यानं मला उठवलं.”

मी थाळी उचलून धुवायला ठेवली.

“किती ठिकाणी गेलंय हे?”

मी सांगितले. नगर, शिळफाटा, मोहोपाडा. आणि एका जीपच्या आरशामागे एक.

“नगर तुझं तू बघ. बाकी उद्या जाऊ.”

सोमवारी सकाळी कशेळ्याच्या नाक्यावर तोच जीपवाला भेटला. पत्रिका आरशामागेच होती. चांगुणाबाईंना बघून त्याने ती घाईने काढली. तो लहूबरोबर कबड्डी खेळायचा, हे मला तेव्हा कळले.

“वयनी, मी वाचली ही,” तो हळू आवाजात म्हणाला. “लहूदादाला मी कधी पिताना बघितलं नव्हतं. पर म्हणलं, छापलंय म्हंजे खरं आसंल.”

कालपर्यंत कुणी असे म्हटले असते तर मी ते कौतुक समजले असते. त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या ओळी खऱ्या वाटल्या. त्याने चांगुणाबाईंकडून भाडे घेतले नाही. माझ्याकडून घेतले, ते बरेच झाले.

कर्जतहून एसटीने खोपोली, तिथून शिळफाटा. हमरस्त्यावर ट्रकांची रांग, टपऱ्यांवर चहा. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईंकडे गठ्ठा गेला होता. तिथल्या मंडळीतल्या सगळ्यांत तरतरीत त्याच असाव्यात. हात, भुवया पिठाने पांढऱ्या. मी सगळे सांगितले. मला वाटले होते, त्या रागावतील. त्यांनी गिरणी बंद केली आणि पट्टा थांबू दिला.

“माझा नवरा पितो,” मग त्या म्हणाल्या. “मी ही पत्रिका उशीखाली ठेवून झोपते. म्हटलं, ही बाई निभावली, तर मीपण निभावेन. आता ते खोटं झालं का?”

मी उत्तर शोधू लागले. चांगुणाबाईंनी मला हातानेच थांबवले आणि त्यांच्या शेजारी पिठाच्या डब्यावर बसल्या.

“निभावले ते खरं हाय गं. दारूतनं नाय निभावले, दुसऱ्यातनं. तुजं तुला निराळं सोसायचंय, ते माज्या कागदातनं नाय व्हायचं. बोल, काय करतो तो?”

त्या दोघी तासभर बोलल्या. काय ते मी ऐकले नाही, आणि ऐकले असते तरी लिहिले नसते. मी बाहेर बसून, दळणाचे डबे घेऊन आलेल्यांना “थोडं थांबा” म्हणत होते. निघताना गिरणीवाल्या बाईंनी न वाटलेला गठ्ठा आणि उशीखालची पत्रिका स्वतः आणून दिली, आणि आमच्या हातावर गरम पिठाची एकेक पुडी ठेवली.

मोहोपाड्याला पोचलो तेव्हा पहिली पाळी सुटून गेली होती. रसायनीच्या कारखान्यांचा तो आंबट वास, कामगारांच्या वसाहतीतले सारखे दिसणारे मजले. दर सोमवारी संध्याकाळी एका घरात प्रार्थना असते. माणसे आंघोळी करून, केस नीट विंचरून येऊन बसली होती. प्रत्येकाला पत्रिका मिळालेली होती. एकाने ती वहीसारखी जपून प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती. त्यांना वाटले, पत्रिकेतली बाई आणि लिहिणारी दोघी भेटायला आल्या. त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या.

मी खुर्चीवर बसले नाही. उभी राहिले आणि या वेळी वाक्ये लांब होऊ दिली नाहीत. मी म्हणाले, लहू दारू पीत नव्हता. मी त्याला कधी बघितले नाही. त्याच्या बायकोला कधी विचारले नाही. दारूडा असला की साक्ष चांगली होते, म्हणून मी त्याला दारूडा केला. पत्रिका मला परत द्या.

कुणी काही बोलले नाही. मोहोपाड्याच्या लोकांना वाडीची रीत माहीत नव्हती, पण मला माहीत होती. ती शांतता मी ओळखली. माझ्या बाजूने बोलायला कुणी नाही, तर आता खाली बसावे, म्हणून मी वाकले.

“थांब,” चांगुणाबाई म्हणाल्या. खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. “हिनं लिवलं ते खोटं होतं. आता बोलली ते खरं हाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी बघितलंय.”

एकेकाने पत्रिका आणून माझ्या पिशवीत टाकल्या. प्लास्टिकच्या पिशवीतली सगळ्यात शेवटी आली.

परतीच्या वाटेवर चौक गावच्या थांब्यावर गाडीची वाट बघत असताना मी त्यांना विचारले, “मावशी, मला माफ केलंत का?”

“देवानं केलं आसंल,” त्या म्हणाल्या. “त्याचं काम जलद हाय. मला येळ लागंल गं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “चपलेला नवा अंगठा घाल. पिन टोचंल.”

मंगळवारी मी घाट चढून घरी आले. वडिलांना सगळे सांगितले. ते म्हणाले की मी वाचून दाखवलेला तो मजकूर त्यांनाही आवडला होता, आणि त्यांनीही काही विचारले नव्हते. विश्वासाने माणूस उभा राहतो, हे मी इतकी वर्षे लिहीत आले. उभी राहिलेली बाई मी आता प्रथम बघितली, आणि ती माझ्याच वाक्याखालून उठत होती.

पिशवीतल्या पत्रिका, रूथताईंचा गठ्ठा धरून, मी नष्ट केल्या आहेत. नगरच्या पत्रिका तुमच्या घरांत आहेत. परत आणून द्यायला सवड नसेल तर एवढे करा. तिसरे पान उघडा. दारूच्या तीन ओळी आहेत, त्या पेनने खोडा. लहूचे नाव खोडू नका, ते राहू द्या. आणि वरच्या मोकळ्या जागेत, वाचणाऱ्याला नीट दिसेल अशा अक्षरांत लिहा: लहू शुद्धीत होता. बांबू सडका होता.