पुष्करच्या वाटेवर तीनदा बंद पडलेली गाडी

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला माझे यजमान गेले. चहा घेऊन झाला होता. पेपर उघडायचा राहिला होता.

आम्ही जयपूरला विद्याधर नगरात राहतो. यांची केंद्र सरकारची नोकरी, बदलीने इथे आलो आणि इथलेच झालो. मी एका शाळेत ग्रंथपाल होते. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दत्तभक्ती होती ती यांची. मी गुरुवारी आरतीला उभी राहायचे, टाळ्या वाजवायचे, पण मनात कुठेतरी शंका असायची. हे गेल्यावर ती शंका मोठी झाली. देवापुढे निरांजन लावत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

यांनी एक गोष्ट मात्र पक्की सांगून ठेवली होती. "माझ्या अस्थी पुष्करला माझ्याच गाडीतून न्यायच्या. टॅक्सीत मला मळमळतं." गाडी म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जुनी डिझेल जीप, यांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. मला चालवता येत नाही. साताऱ्याहून धाकटे दीर आले होते, दिवसकार्य त्यांनीच केलं. गुरुजींनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघा म्हणून सांगितलं. तोवर अस्थींचा तांब्या लाल फडक्यात बांधून अंगणातल्या कडुनिंबाला टांगला होता, कारण अस्थी घरात ठेवत नाहीत.

निघालो. तांब्या माझ्या मांडीवर. टाकी काठोकाठ भरलेली, यांनीच जायच्या आदल्या आठवड्यात भरून ठेवलेली, त्यामुळे वाटेत कुठे थांबायचं कारण नव्हतं. अजमेर रस्त्याला लागलो आणि गाडीने दोन आचके दिले, धाप लागल्यासारखी झाली आणि बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, जरा पुढे जाऊन पुन्हा बंद. "पंप!" भाऊजी म्हणाले. "वहिनी, शंभर टक्के डिझेलचा पंप गेला." भाऊजी बँकेत होते, पण कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं मत शंभर टक्केच असतं. कशीबशी परत आलो. तांब्या पुन्हा कडुनिंबाला टांगताना मला फार अपराध्यासारखं वाटलं. शेजारच्या भाभीजींनी गच्चीवरून विचारलं, "भाईसाहब वापस आ गए?" त्यांचा हेतू वाईट नव्हता.

मुरलीपुऱ्यातल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने पाइप काढला, फुंकला आणि गंभीर चेहऱ्याने निदान केलं, "पंप बैठ गया." नवा पंप बसवला. गॅरेजमध्ये गाडी इतकी छान चालली की भाऊजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो आणि पुन्हा जवळजवळ तिथेच बंद पडलो. भाऊजींनी गाडी कशीबशी घरी परत आणली.

आमच्याकडे संकट आलं की पोथी लावतात. सात दिवस, रोज ठरलेली पानं, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. मला ते कधी जमलं नव्हतं. पण मला वाचता येतं, तेवढंच येतं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी दुरुस्तीचं पुस्तक यांच्या कपाटात होतं. मी ते पाटावर ठेवलं, समई लावली आणि वाचायला बसले. हसू नका, मला दुसरं काही सुचत नव्हतं. भाऊजी दारातून डोकावले. "वहिनी, नैवेद्य कसला? ग्रीसचा?" मी बोलणार नव्हते, म्हणून नुसती पानं उलटत राहिले. बिघाड शोधण्याच्या तक्त्यातली पहिलीच ओळ टाकीच्या झाकणाबद्दल होती. झाकण जागेवर होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज दिसत होतं. म्हणून मी पुढची ओळ घेतली.

सहाव्या दिवशी मी उस्तादला फोन करून विचारलं, पंपातला रबरी पडदा पाहिला होता का? आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरते का ते तपासलं का?

"मैडम, आप पहले कहाँ काम करती थीं?"

"लायब्रेरी में."

"तभी," तो म्हणाला. पण बिचाऱ्याने येऊन नळी बदलून दिली.

भाऊजींचं परतीचं तिकीट रविवारचं होतं. ते म्हणाले, "गुरुवारी शेवटचा प्रयत्न. नाहीतर शुक्रवारी टॅक्सी. दादाला म्हणावं, एवढं सोस." ते थट्टेत म्हणाले, पण मला आत लागलं. यांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं होतं, आणि तेही माझ्याकडून होत नव्हतं.

गुरुवारी सकाळी निघालो. अजमेर रस्त्यावर गाडीने तेच आचके दिले. भाऊजींनी ती कडेला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि म्हणाले, "पंप." आता त्या शब्दात शंभर टक्के राहिले नव्हते. मी तांब्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. मनात म्हणाले, महाराज, माझं सगळं वाचून झालं. यापुढचं पुस्तक माझ्याकडे नाही. आता तुम्ही बघा. रागाने म्हणाले असेन, पण म्हणाले खरी.

थोड्या वेळाने मोटरसायकलवरून एक दूधवाला आला. डोक्याला लाल फेटा, दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे डबे, मागे पळत येणारी कुत्री. कुत्री पाहून माझ्या अंगावर काटा आला. मी मोजली. तीन होती. चौथं कुठे मागे राहिलं का म्हणून रस्त्याकडेही पाहिलं. नव्हतं.

भाऊजींनी त्याला पंपाची सगळी कथा सांगितली. तो ऐकत गाडीभोवती फिरला आणि टाकीपाशी थांबला. "माताजी, ढक्कन पर यह आटा किसने लगाया?"

"आटा?" भाऊजी उतरून गेले. नखाने खरवडून पाहिलं. "अरे, खरंच कणीक! वाळून दगड झालीय. कुठल्या अतिशहाण्याने..."

आणि मला आठवलं. तेराव्याचा स्वयंपाक चालला होता. पुरण शिजत होतं आणि खिडकीतून डिझेलचा वास आत येत होता. यांच्या पानात तो वास नको म्हणून मी पुरणपोळीची उरलेली कणीक घेऊन बाहेर गेले आणि पातेल्याचं झाकण वाफ जाऊ नये म्हणून लिंपतात तसं टाकीचं झाकण चहूबाजूंनी लिंपून टाकलं. मधलं बारीक भोकही सोडलं नाही. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

दूधवाल्याने किल्लीच्या टोकाने कणीक काढली आणि झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून एवढा लांब श्वास आत घेतला की कुत्री मागे सरली. "हवा अंदर नहीं जाएगी तो तेल बाहर कैसे आएगा?" तो म्हणाला. "पंप बेचारा खींच-खींच के थक गया."

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. "वहिनी, दादाला जिवंतपणी तुमच्या पोळ्या सोडवत नव्हत्या. आता गाडीलाही सोडवेनात!" आणि मला हसू आलं. तांब्या मांडीवर घेऊन, भर रस्त्यात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. मग ते पाणी थांबेना. तेवीस-चोवीस दिवसांत मी एकदाही रडले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. भाऊजी रुमाल शोधत राहिले.

निघताना मला राहवेना. मी दूधवाल्याला विचारलं, "दूध गाय का है?"

"भैंस का, माताजी. गाय का बोलूँ तो झूठ होगा."

कुत्री तीन, दूध म्हशीचं. मी कसलाही दावा करत नाही. मी एवढंच सांगू शकते की ज्या क्षणी मी शहाणपण खाली ठेवलं, त्यानंतर तो आला. आणि झाकणाची जी ओळ मी वाचून सोडून दिली होती, ती त्याला न वाचता दिसली. दुपारी पुष्करच्या घाटावर अस्थी पाण्यात सोडल्या. गाडी वाटेत एकदाही अडली नाही. परत येताना भाऊजी हळूच म्हणाले, "पंप चांगला आहे हो." त्या दूधवाल्याचं नाव विचारायचं राहिलं. त्याला माझा रोज नमस्कार असतो, आणि ज्याने त्याला त्या रस्त्याने पाठवलं त्यालाही. माझ्या हाताने बंद झालेलं सगळंच माझ्या हाताने उघडेल असं नाही, हे मला आता मान्य आहे.

यांना जाऊन आठ महिने झाले. भाऊजी साताऱ्यात आहेत. अंगणात गाडी आहे आणि घरात मी आहे.