पाणी न घालता फुललेलं अंगण

सगळी गल्ली त्यांना पाणीवाले काका म्हणायची. एकवीस वर्षं रोज पहाटे रस्त्यातल्या खड्ड्यात लांब चावी घालून त्यांनी वस्तीचं पाणी सोडलं. "नळाला धार नसली की शिव्या मला, आली की श्रेय देवाला," असं ते धुसफुसत म्हणत.

त्यांच्या दारापुढं खडी-रेतीचा एक पट्टा होता. धाकट्या भावानं वाळवंटातल्या नोकरीवरून औषधाच्या बाटलीत मूठभर बी आणून दिलं होतं. राखाडी, लवदार पानं, वर पिवळी फुलं. एकदा मूळ धरलं की वर्षानुवर्षं टिकणारं झाड. काकांनी अंगणातली काळी माती काढली, रेती भरली आणि महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी घालून गप्प बसले. चौथ्या वर्षी सगळा पट्टा फुलला.

नेमकं त्याच उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं. समोरच्या मास्तरीणबाईंची हिरवळ करपली आणि काकांचं अंगण पिवळंधमक. बाईंनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे अर्ज दिला, की चावी ज्याच्या हातात, पाणी त्याच्याच दारात. साहेबांनी तो अर्ज कार्यालयात सगळ्यांसमोर वाचला आणि काकांकडून चावी काढून घेतली.

चौकशीला साहेब घरी आले तेव्हा गल्ली गोळा झाली. काकांनी पाण्याचा मीटर दाखवला, वापर वाढलेला नव्हता. साहेब म्हणाले, मीटरचं काय, तो फिरवताही येतो. काका घरात गेले. आतून पहार आणली आणि सगळ्यात जुन्या झाडाच्या बुडाशी खणायला लागले. काकू "अहो, ते नको" म्हणत राहिल्या. हातभर खाली गेलं तरी रेती कोरडी ठणठणीत. मूळ तुटलं. फुलांसकट झाड त्यांनी बाईंच्या पुढ्यात धरलं.

"हात लावून बघा. कुठाय ओल?"

बाईंनी हात लावला नाही. आपल्याला फक्त शंका आली होती, म्हणाल्या.

काका निर्दोष असल्याचं पत्र निघालं, चावीही परत मिळाली. पण अर्ज चारचौघांत वाचलात, तसं पत्रही वाचा, असा काकांनी हट्ट धरला. साहेबांच्या मते विषय मिटला होता. मग काम आटोपलं की काका रोज कार्यालयाच्या दारात जाऊन उभे राहायला लागले. नवव्या दिवशी साहेबांनी वैतागून सगळ्यांना बोलावलं आणि पत्र भराभर उरकलं.

"जरा मोठ्यानं," काका म्हणाले. साहेबांना पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

तरी राग उतरला नाही. उपटलेलं झाड त्यांनी परत लावलं होतं, ते चार दिवसांत वाळून गेलं. पुढं बाईंनी काकूंकडे थोडं बी मागितलं. काका म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत त्या दारात हे झाड लागणार नाही. चार वर्षांचं झाड त्या बाईपायी गेलं.

"उपटलंत तुम्ही, त्यांनी नाही," काकू म्हणाल्या.

 बी मात्र काकांनी दिलं नाही.