ताईच्या सासऱ्यांच्या लांब बाह्या

नागपूरच्या मे महिन्यात मनगटाची बटणं लावून, लांब बाह्यांच्या सदऱ्यात मजेत हिंडणारा माणूस जगात एकच असणार, आणि तो माझ्या ताईचा सासरा आहे. बाकीचं शहर कूलरपुढे ठाण मांडून बसतं, तेव्हा हे गृहस्थ जरीपटक्याच्या बाजारात टरबुजं वाजवून पाहत असतात. विचारलं तर म्हणायचे, हिंगण्याच्या कारखान्यात भट्टीपुढे जन्म गेला, आता उन्हाचं काय कौतुक. आम्हाला ते पटलंही होतं.

त्यांच्या खिशात कायम नेलकटर. घरी कुणाचंही लेकरू आलं की आधी नखं, मग बिस्किट. साबण ते हुंगून घेतात, आणि वासाचा निघाला की दुकानदाराच्या हातात परत. पण त्यांचा खरा छंद म्हणजे इसब. माणूस ओळखीचा असो वा नसो, चहा निम्मा व्हायच्या आत ते विचारणारच, की लहानपणी तुम्हाला इसब होता का, आणि होता तर मोठेपणी गेला का. कारखान्याच्या बसमध्ये त्यांनी अख्ख्या शिफ्टची अशी चौकशी केली होती. कुणाचा शाळा सुटता सुटता गेला होता, कुणाचा लग्नानंतर परत आला होता, तर कुणाचा हिवाळ्यात तेवढा डोकावायचा. इतक्या जणांकडून एक सरळ उत्तर काही मिळेना, आणि त्यांचं कुतूहल वाढतच गेलं.

त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा तर कहरच केला. पोह्यांची बशी हातात असलेल्या नवऱ्या मुलालाच त्यांनी तो प्रश्न टाकला. हे मुलात खोट काढताहेत असं वाटून मुलाची आई उठली.

“बसा न बाई, काहून उठून राहिल्या? मले फक्त गेला का, तेवढंच पाहिजे.”

मुलगा भला होता. म्हणाला, गेला होता, पण कालपासून पुन्हा खाजवून राहिलो. ते लग्न जमलं, हे विशेष.

ताईची चौथीतली लेक मात्र ह्या प्रश्नाला हसत नसे. तिच्या दोन्ही कोपरांच्या घडीत इसब होता, आणि बिनबाह्यांचा ड्रेस घालावा लागेल म्हणून तिने गॅदरिंगचा नाच सोडला होता. रोज आजोबांना विचारायची, माझा कधी जाईल? ते म्हणत, मोठी झाली की जाते. त्या भरवशावर पोर दिवस काढत होती. मग यंदा उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच मुलांचा कमी होतो, काहींचा राहतो, आधीच सांगता येत नाही; राहिला तरी सांभाळता येतो. घरी आल्याबरोबर ती आजोबांपुढे उभी राहिली.

“आबा, तुम्हाला होता का? गेला का?”

जगाला विचारून झालेला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सारली. कोपराच्या घडीतली कातडी जाड, काळवंडलेली होती, त्यावर ओरखडे.

“नाही गेला वं माय. कमी झाला, पण गेला नाही. मी खोटं बोललो तुले.”

मला वाटलं, आता ही रडणार. तिने नीट वाकून पाहिलं, आपलं कोपर त्यांच्या कोपराशेजारी धरलं, आणि आपली मलमाची ट्यूब घेऊन आली. मग त्यांच्या खिशातून नेलकटर काढलं.

“आधी नखं दाखवा, आबा.”

परवा दोघं बाजारात दिसले. ती बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, टरबुजं वाजवत. त्यांचे हात गोरे होते, उन्हाची सवय नसलेले. इतके उन्हाळे ह्या माणसाने बटणं लावून काढले होते.